बी.एस्सी. भाग १ नंतर मेजर-मायनर निवडायचंय: १३२ क्रेडिट भरले की डिग्री मिळते का?

कागल_एसटी

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बी.एस्सी. भाग एकला आहे, दुसरं सत्र चालू आहे. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशावेळी यातला एक मेजर (मुख्य विषय) आणि एक मायनर (दुय्यम विषय) लिहून द्यायचा आहे. वर्गात जो तो वेगळं सांगतोय, म्हणून इथं विचारतो.

तीन वर्षांत १३२ क्रेडिट झाले की डिग्री, एवढाच हिशोब आहे का? यूजीसीच्या आराखड्यात १२० लिहिलंय आणि आमच्याकडं १३२, ते कसं? पहिल्या सत्रात ओईचा (खुल्या ऐच्छिक विषयाचा) २ क्रेडिटचा पेपर राहिलाय. मित्र म्हणतो एनपीटीईएलचा एखादा ऑनलाइन कोर्स जास्तीचा कर, २ क्रेडिट भरून निघतील. चालतं का? मेजर केमिस्ट्री घ्यायचं मनात आहे, पण मार्क गणितात जास्त आहेत. आणि शेवटचं, तीन वर्षांत बाहेर पडावं की चौथं वर्ष ऑनर्स करावं? एम.एस्सी. करायचीय, घरचे एमपीएससीचंही बघ म्हणतात.

---

सायबर_चौक

आधी १२० आणि १३२ चं सांगतो. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी किमान १६० क्रेडिट आहेत. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात त्याला १२० ते १३२ आणि १६० ते १७६ असा पट्टा दिला. दर सत्राला २२ क्रेडिट धरले की सहा सत्रांचे १३२ होतात. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत. तुझ्यासाठी मात्र तुझ्या अभ्यासक्रमाच्या रचनापत्रकात (कुठल्या सत्रात कुठले पेपर आणि किती क्रेडिट, तो तक्ता) छापलेला आकडाच लागू. यूजीसीचे १२० दाखवून १२ क्रेडिट सोडता येत नाहीत.

आता मुद्द्याचं. १३२ ही फक्त खालची बेरीज आहे. डिग्री देताना विद्यापीठ त्याच्या वरची खाती तपासतं. प्रत्येक खात्याला स्वतःची मर्यादा आहे आणि एका खात्यातला जादा क्रेडिट दुसऱ्या खात्यातली तूट भरत नाही. मुलं तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अडकतात ती इथंच. बेरीज १३२, कधी १३४ सुद्धा, आणि ओईत २ कमी.

खाती अशी आहेत. मेजर हे सगळ्यात मोठं. एकूण क्रेडिटच्या किमान निम्मे मेजरचे हवेत, म्हणजे १३२ धरले तर ६६. मायनर त्यानंतर. ओई, म्हणजे खुला ऐच्छिक विषय, आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचा घ्यायचा असतो. विज्ञानवाल्यानं कला किंवा वाणिज्यचा घ्यायचा, विज्ञानातलाच सोपा बघून नव्हे. व्हीएससी हे मेजरशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य, एसईसी हे साधारण कौशल्य. एईसी म्हणजे भाषा. व्हीईसी मूल्यशिक्षण. आयकेएस भारतीय ज्ञानप्रणाली. ओजेटी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. एफपी क्षेत्र प्रकल्प, सीईपी समाजाशी जोडलेलं काम, सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक वगैरे.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. एक वही घे. प्रत्येक खात्याला एक पान. वर लिही 'एकूण लागणारे', खाली चार रकाने: सत्र, पेपरचा कोड, क्रेडिट, निकाल. निकाल लागला की त्याच दिवशी भर. नापास पेपरचा क्रेडिट शून्य लिही, पण ओळ खोडू नकोस, कारण तीच पुढं विसरते. तुझ्या ओईच्या पानावर आत्ता अशी ओळ असेल: सत्र १, अमुक कोड, २ पैकी ०, बाकी.

रचनापत्रक घेताना आपल्या प्रवेशाच्या वर्षाचंच घे. संलग्न कॉलेजात नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ च्या प्रथम वर्षापासून आलं, विद्यापीठाच्या विभागांत आणि स्वायत्त कॉलेजांत त्याच्या आधीच्या वर्षी. त्यामुळं दोन वर्षं पुढच्या सीनिअरचा कागद तुला चालेलच असं नाही. सीनिअरनं सांगितलं म्हणून पेपर घेतला आणि तो भलत्याच खात्यात पडला, ही चूक दरवर्षी होते.

---

रसायन_प्रयोगशाळा

मेजरबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

पहिल्या वर्षी तीन विषयांना सारखं वजन असतं. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर, तिसरा सुटतो. सुटलेल्या विषयाचे पहिल्या वर्षातले क्रेडिट एकूण बेरजेत राहतात, पण तो विषय पुढं वाढत नाही. तिसऱ्या वर्षाला सगळा भर मेजरवर येतो. म्हणजे गणित सोडलंत की तिसऱ्या वर्षी 'मला गणितच हवं होतं' म्हणून परत येता येत नाही. आलात तर मधल्या दोन सत्रांचे पेपर उरावर घेऊन यावं लागतं.

ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासा. तो विषय तुमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का? पहिल्या वर्षी सगळे विषय असतात, तृतीय वर्षाला प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयाची तुकडी नसते. तालुक्याच्या कॉलेजात तर हमखास तपासा. त्या तुकडीला किती जागा आहेत आणि भरताना काय बघतात? पहिल्या वर्षाचे त्या विषयातले गुण बघत असतील तर तुमच्या दुसऱ्या सत्राच्या रसायनशास्त्राच्या पेपरला फार वजन आहे. तिसरी गोष्ट, ज्या एम.एस्सी.ला जायचंय तिच्या माहितीपत्रकात पात्रता शब्दशः काय लिहिलीय? 'मुख्य विषय म्हणून' आणि 'एक विषय म्हणून' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. केमिस्ट्री मायनर असताना एम.एस्सी. केमिस्ट्रीचा अर्ज 'मुख्य विषय म्हणून' या अटीत बसतो का, हे आत्ताच बघा. मायनरवर भरवसा ठेवून पुढचं ठरवू नका.

गणितात मार्क जास्त हा मेजर बदलायचा आधार होऊ शकतो, पण तो एकटा पुरेसा नाही. पहिल्या वर्षाचं गणित बहुतांश बारावीच्या कलनशास्त्राच्या पुढचं पाऊल असतं. पुढच्या वर्षांत वास्तव विश्लेषण आणि अमूर्त बीजगणित येतं. तिथं गणित सोडवण्यापेक्षा सिद्धता लिहिण्याला किंमत असते. तसंच पहिल्या वर्षीच्या रसायनात अनुमापन आणि क्षार विश्लेषण आवडलं म्हणजे तिसऱ्या वर्षीचं भौतिक रसायन आवडेलच असं नाही. ग्रंथालयात तृतीय वर्षाची पुस्तकं असतात. दोन्ही विषयांचं एकेक प्रकरण काढा आणि दोन तास बसा. कुठल्या पुस्तकावर वेळ गेलेला कळत नाही ते बघा. मी याला गुणांपेक्षा जास्त मानतो.

केमिस्ट्री मेजर आणि गणित मायनर ही जोडी मजबूत आहे. पुंज रसायन, गतिकी, उष्मागतिकी या सगळ्यात गणित लागतं, आणि मुलं तिथंच मागं पडतात. तुमच्या कॉलेजाच्या वेळापत्रकात ही जोडी शक्य आहे का ते मात्र विचारून घ्या. प्रात्यक्षिकांच्या बॅचमुळं काही जोड्या बसत नाहीत.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली

वेळापत्रकाचा विषय निघालाच आहे तर तासांचंही मांडून बघ भावा. लेखी पेपरचा १ क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास शिकवणं, प्रात्यक्षिकाचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर लेखीच्या क्रेडिटला आठवड्याला १ तास आणि प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला २. समजा २२ पैकी ६ क्रेडिट प्रात्यक्षिकाचे आहेत: १६ + १२ = २८ तास आठवड्याला. त्यात कागल-कोल्हापूर जाणं-येणं धर. सायन्सच्या मुलानं शनिवारी 'रिकामाच असतो' म्हणून क्लास लावला आणि बॅच शनिवारी पडली, असं नेहमी होतं. बॅच कळल्याशिवाय बाहेरची फी भरू नकोस.

आणि जर्नल. सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. प्रयोग झाला त्या आठवड्यातच सही घे. शेवटच्या पंधरवड्यात सगळा वर्ग एकाच सरांच्या टेबलापुढं उभा असतो.

---

कागल_एसटी

खात्यांचं डोक्यात आलं, वही आजच करतो. ओईचा पेपर आणि एनपीटीईएलचं जरा सविस्तर सांगाल का? आणि एक २ क्रेडिटचा पेपर राहिला तर एसजीपीएवर (सत्राच्या ग्रेड सरासरीवर) किती परिणाम होतो?

---

सायबर_चौक

एसजीपीए हातानं काढून दाखवतो, म्हणजे वजन कळेल. सूत्र एकच: प्रत्येक पेपरचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले सत्राचे एकूण क्रेडिट. ग्रेड पॉइंट ओ ला १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ ०.

समजा एका सत्रात तीन लेखी पेपर ४-४ क्रेडिटचे आहेत आणि त्यात ए, बी प्लस, बी मिळाले: ३२ + २८ + २४ = ८४. तीन प्रात्यक्षिकं २-२ क्रेडिटची, तिन्हीत ए प्लस: ५४. ओई २ क्रेडिट, बी प्लस: १४. आयकेएस २ क्रेडिट, ओ: २०. एकूण १७२. भागिले २२, म्हणजे ७.८२.

आता याच सत्रात ओईत एफ आला तर १४ जातात, पण खालचे २२ तसेच राहतात. १५८ भागिले २२, ७.१८. म्हणजे ०.६४ ची घसरण. ती भरून काढायला ४ क्रेडिटचा एक पेपर बी वरून ए वर नेलास तरी ०.३६ च मिळतात. 'दोनच क्रेडिटचा आहे' म्हणून सोडलेला पेपर सगळ्यात महाग पडतो तो असा.

म्हणून ओईचा पेपर पुढच्या पहिल्या संधीलाच काढ. परीक्षा अर्ज भरताना चालू सत्राचे पेपर बहुधा आपोआप दिसतात, बॅकलॉगचा पेपर स्वतः टिक करावा लागतो. तो टिक न करताच फी भरली की हॉलतिकिटावर पेपर येत नाही आणि तेव्हा धावपळ करून काही होत नाही. फी भरण्याआधी प्रिंट काढून कोड जुळव. इंटर्नल आणि लेखी यांचं पासिंग वेगळं आहे की एकत्र, हेही परीक्षा विभागात विचार. लेखीत निघालास आणि इंटर्नल राहिली असेल तर परत लेखी देण्यात अर्थ नसतो, असाइनमेंट किंवा चाचणी द्यायची असते.

एनपीटीईएलबद्दल तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. एनपीटीईएलचे कोर्स ज्या सरकारी स्वयं पोर्टलवर असतात, तिथले कोर्स पदवीत धरता येतात, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत. पण 'धरता येतात' आणि 'आपोआप धरले जातात' हे वेगळं. तो कोर्स तुझ्या कुठल्या पेपरऐवजी चालेल, हे कॉलेजानं किंवा विद्यापीठानं आधी मान्य केलेलं पाहिजे. कोर्स करून प्रमाणपत्र घेऊन गेलास आणि मग 'हे ओईत घ्या' म्हणालास तर ते जादा क्रेडिट म्हणून पडेल, ओईचं पान तसंच रिकामं.

करायचाच असेल तर क्रम असा. कोर्सची यादी आली की, म्हणजे साधारण जानेवारी आणि जुलैच्या सुरुवातीला, विभागप्रमुखांकडं अर्ज दे: कोर्सचं नाव, आठवडे, क्रेडिट, कुठल्या पेपरऐवजी. लेखी मंजुरी घे. एनपीटीईएलमध्ये ४ आठवड्यांना १, ८ ला २ आणि १२ आठवड्यांना ३ क्रेडिट असतात. शिकणं फुकट आहे, परीक्षेची फी कोर्सला १००० रुपये. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, घरून नाही. अंतिम गुणात २५ टक्के असाइनमेंट आणि ७५ टक्के परीक्षा. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. दोन्ही वेगवेगळे, म्हणजे परीक्षेत ७० मिळाले आणि असाइनमेंट ९ असतील तरी नाही. ८ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ६ असाइनमेंट धरतात, म्हणून पहिल्या आठवड्यात उशीर झाला तरी सोडून देऊ नकोस.

त्याचा निकाल विद्यापीठाच्या निकालानंतर येऊ शकतो. शेवटच्या सत्रासाठी म्हणून तो ठेवायचा नाही. पाचव्या सत्रापर्यंत उरकलेला बरा.

---

पंचगंगा_घाट

एबीसी आयडीचं (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मधल्या खात्याच्या नंबरचं) कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आता त्यालाच अपार आयडी म्हणतात, १२ अंकी. डिजिलॉकरमधून निघतो. क्रेडिट तिथं जमा होतात आणि साधारण ७ वर्षं ग्राह्य राहतात.

गडबड होते ती नावाची. आपल्याकडं दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, कधी वडिलांचं नावच नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं. मग पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि आयडी जुळत नाही, निकाल लागतो पण खात्यात क्रेडिट शून्य दिसतात.

डिजिलॉकरमध्ये लॉगिन करून आत्ता बघा पहिल्या सत्राचे क्रेडिट आलेत का. नसतील तर बारावीची गुणपत्रिका आणि आधार दोन्हीची झेरॉक्स घेऊन ऑफिसात जा आणि कुठला कागद चुकलाय ते ठरवून घ्या. आधार चुकलं असेल तर आधी आधार दुरुस्त, मग आयडीचं. उलट केलं तर दोनदा जावं लागतं. आणि दोन आयडी काढू नका. मोबाईल नंबर बदलला म्हणून नवा काढणारे आहेत, क्रेडिट मग दोन ठिकाणी विभागतात.

---

शिरोली_नाका

ओजेटीबद्दल. १ क्रेडिटला किमान ३० तास, ४ क्रेडिट असतील तर १२० तास. रोज ६ तास धरले तर २० कामाचे दिवस. रविवार आणि यात्रा-सणांच्या सुट्ट्या धरून महिना जातोच. तुमच्या रचनापत्रकात ते कुठल्या सत्रात आहे बघून त्याच्या दोन महिने आधी जागा शोधायला लागा.

केमिस्ट्री मेजर असेल तर कोल्हापुरात जागा भरपूर आहेत, पण हंगाम बघावा लागतो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (रसातली साखर), शुद्धता हे सगळं गाळप चालू असतानाच शिकायला मिळतं. गाळप साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मेच्या सुट्टीत गेलात तर मशिनरी उघडलेली असते आणि प्रयोगशाळा झाकलेली. तुम्ही नोंदवही भरता, शिकत काही नाही. उन्हाळ्यातच करायचं असेल तर दूध तपासणी घ्या. फॅट आणि एसएनएफचं (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांचं) काम वर्षभर चालतं. नाहीतर शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वाळू चाचणी आणि धातूचं रासायनिक विश्लेषण. तिथं वाळूतला ओलावा, पारगम्यता, काँपॅक्टिबिलिटी रोज मोजतात, कारण वाळू बिघडली की कास्टिंगमध्ये छिद्रं येतात. रसायनाच्या विद्यार्थ्याला पुस्तकातलं प्रमाण आणि शॉप फ्लोअरवरचं प्रमाण एकत्र बघायला मिळतं.

कागद चार लागतात: कॉलेजाचं शिफारसपत्र, कंपनीचं स्वीकृतीपत्र, रोजची नोंदवही, शेवटचं प्रमाणपत्र. नोंदवहीत तारीख, आल्याची आणि गेल्याची वेळ, काय केलं, सुपरवायझरची सही. 'प्रयोगशाळेत काम पाहिलं' असं वीस दिवस लिहिलं तर मार्गदर्शक सर परत पाठवतात. असं लिहा: 'हिरव्या वाळूचे (साच्याच्या ओल्या वाळूचे) ३ नमुने, ओलावा ३.४, ३.६, ४.१ टक्के, तिसरा नमुना मर्यादेबाहेर, पाणी कमी करायला मिक्सरला कळवलं.' आकडे लिहिले की तोंडी परीक्षेत बोलायला काहीतरी असतं. प्रमाणपत्रावर दिवस नव्हे, तास लिहून घ्या. '१ महिना' लिहिलेलं असेल तर १२० तास सिद्ध होत नाहीत आणि परत जाऊन सही आणायला लागते.

---

रसायन_प्रयोगशाळा

चौथ्या वर्षाचं राहिलं होतं.

हिशोब असा आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची एम.एस्सी. केली तरी पाच वर्षं, चार वर्षांचं ऑनर्स आणि एक वर्षाची एम.एस्सी. केली तरी पाच. वेळ सारखाच, फरक वाटेत थांबायच्या जागेचा आहे. तीन अधिक दोनमध्ये तिसऱ्या वर्षाला हातात पूर्ण पदवी येते आणि विद्यापीठ किंवा विषयाचा गाभा बदलायची संधी मिळते. चार अधिक एकमध्ये त्याच कॉलेजात चौथं वर्ष काढावं लागतं, मग एक वर्षाचा अभ्यासक्रम कुठं चालू आहे ते शोधावं लागतं.

ऑनर्सचे दोन प्रकार आहेत आणि मुलं ते एकच समजतात. साधं ऑनर्स: चौथ्या वर्षी जास्तीचे पेपर. ऑनर्स विथ रिसर्च: त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, आणि त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के, म्हणजे ७.५ सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून ग्रेड सरासरी) लागतो. कॉलेजात त्या विषयाला संशोधन मार्गदर्शक असेल तरच ते चालतं. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएच.डी.च्या प्रवेश प्रक्रियेत थेट बसता येतं. संशोधनातच जायचं पक्कं असेल तर म्हणूनच तो मार्ग विचार करण्यासारखा आहे.

तुमच्यासाठी ७.५ चं गणित: १३२ क्रेडिटला ९९० पॉइंट लागतात. पहिल्या दोन सत्रांचा सरासरी ६.८ असेल तर ४४ क्रेडिटचे २९९.२ झाले. उरलेल्या ८८ क्रेडिटमध्ये ६९०.८ पॉइंट हवेत, म्हणजे सरासरी ७.८५. अवघड आहे, अशक्य नाही, पण ओईचा एफ आधी निघाला पाहिजे. तुम्ही स्वतःचा खरा सीजीपीए घालून हेच करून बघा.

एमपीएससीच्या राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, चौथ्या वर्षाची अट नाही. घरच्यांचा विचार धरला तर तिसऱ्या वर्षाची पदवी हातात असणं सोयीचं. शाळेत शिकवायचा विचार आला तर बी.एड.ला पदवीला किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला महाराष्ट्रात ४५, आणि शिकवण्याचा विषय पदवीच्या विषयांशी जुळावा लागतो. केमिस्ट्री-गणित जोडी तिथंही कामाची.

माझं मत विचाराल तर तीन वर्षं नीट काढा आणि चौथ्या वर्षाचा निर्णय पाचव्या सत्राच्या निकालानंतर घ्या. मेजरचा निर्णय मात्र आत्ताच आणि विचार करून.

---

गडहिंग्लज_रोड

मूळ प्रश्नाला जोडून एक. माझी मावसबहीण कोल्हापुरातल्या एका स्वायत्त कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, घरच्या कारणानं गडहिंग्लजकडच्या संलग्न कॉलेजात यायचंय. क्रेडिट चालतील ना? नाहीतर वर्षभर थांबली तर?

---

सायबर_चौक

क्रेडिट एबीसीमधून येतील, पण पेपर तसेच्या तसे येतील असं नाही. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, त्यामुळं विषय तोच असून पेपर वेगळे असतात. नव्या ठिकाणी समकक्षता तपासून जे पेपर झालेले नाहीत ते लावतात. प्रवेशाआधी दोन्ही कॉलेजांची रचनापत्रकं आणि तिच्या झालेल्या पेपरांचे अभ्यासक्रम घेऊन जा, नुसती गुणपत्रिका नको. तिचं मेजर तिथं तिसऱ्या वर्षाला आहे का हा पहिला प्रश्न. नसेल तर बाकीचं विचारायचं कारणच उरत नाही.

थांबायचं असेल तर नियमानं थांबता येतं. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम केला तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८० ते ८८ आणि तसेच ४, तर पदविका. परत यायला ३ वर्षांची मुदत, सगळी पदवी ७ वर्षांच्या आत. पण ते ४ क्रेडिट सुट्टीतच करायचे असतात. ते न करता नुसतं कॉलेजला जाणं बंद केलं तर हातात काहीच पडत नाही. आणि परत येईपर्यंत अभ्यासक्रम बदलला असेल तर जुन्या पेपरांची समकक्षता पुन्हा करावी लागते. म्हणून थांबताना ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

---

कागल_एसटी

डिजिलॉकर उघडून बघितलं. आयडी आहे, पण पहिल्या सत्राचे क्रेडिट दिसत नाहीत. आधारवर वडिलांचं नाव नाहीच. सोमवारी दोन्ही झेरॉक्स घेऊन ऑफिसात जातो. तृतीय वर्ष केमिस्ट्रीच्या जागा आणि गणित मायनरची बॅच तिथंच विचारतो, आणि बॅकलॉगचा अर्ज कधी सुटतो तेही.

---

पंचगंगा_घाट

जाताना पीआरएन कागदावर लिहून न्या, काउंटरवर तोच मागतात. आणि सोमवारी अकराच्या आत जा, दुपारी प्रवेशाची गर्दी असते.